आमच्या घरचे क्रॉस

आबांना इंग्रजीतला एकच शब्द मनापासून आवडायचा. क्रॉस. मोटार, पंप, लाईट, डाक्टर हे शब्द त्यांच्या लेखी इंग्रजी नव्हतेच. ते आपलेच, आज्या-पणज्याच्या काळापासूनचे. क्रॉस मात्र अस्सल साहेबाचा. तो उच्चारायच्या आधी ते मिशीवरून एकदा हात फिरवायचे. आणि आबांची मिशी म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. वडगाव रासाईच्या बाजारात माणसं त्यांना नावानं कमी आणि ‘मिशीवाले पाव्हणे’ म्हणून जास्त ओळखायची. दारात कुणी आलं की चहाच्या आधी त्याला गोठ्यात नेलं जायचं. तिथं मैना उभी असायची, तांबूस रंगाची, ओल्या नाकाची, कायम तोऱ्यात. “ही साधी गाय न्हाई,” आबा सांगायचे, “जर्सी क्रॉस हाय.” पाव्हणा “व्हय का!” म्हणायचा.  त्याच्या पुढं काय सांगायचं ते आबांनाही ठाऊक नव्हतं.

आमचं घर भीमेच्या काठावर, शिरूर तालुक्यातलं. पण कोर्टकचेरी सोडली तर सगळा ओढा नदीपलीकडं, केडगाव-दौंडाकडं. आज्याच्या काळापर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. आबांनी ती विकली, ऊस लावला, मैना घेतली आणि स्वतःला बागायतदार म्हणवून घ्यायला लागले. घरात आम्ही चौघं: आबा, आई, मी आणि आबांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या. आत्या लवकर विधवा होऊन माहेरी आली होती आणि येताना शिलाई मशीन व तोंड अशी दोनच हत्यारं घेऊन आली होती. दोन्ही दिवसभर चालायची. पहाटे आई भाकरी थापायची त्याचा थपथप आवाज, मग गोठ्यात मैनेची धार चरवीत पडायची तो आवाज, आणि ऊन वर आलं की आत्याच्या मशीनची खडखड. या तीन आवाजांवर मी कॉलेजचं टाइमटेबल सांभाळायची. धार संपली की उठायचं, मशीन सुरू व्हायच्या आत निघायचं. न्याहारीला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर आत्याची बोलणी.

आत्याचा क्रॉस वेगळा. झंपराला जी पट्टी लावायची ती कापड तिरपं धरून कापायची, तिला ती ‘क्रॉस पट्टी’ म्हणायची. “सरळ कापलं तर अंगाला बसत न्हाई. मानूस बी तसंच, थोडं तिरपं लागतंय,” असं म्हणून ती आबांकडं बघायची. आबांचा आणखी एक क्रॉस शिरूरच्या कोर्टात होता. भाऊबंदांशी बांधावरून खटला चालू होता आणि समोरच्या वकिलानं एकदा आबांची ‘क्रॉस’, म्हणजे उलटतपासणी, घेतली होती. “बांध तुमचा कशावरनं?” असं वकिलानं विचारलं. आबा म्हणाले, “मी रोज त्याच्यावर बसतो.” वकील म्हणाला, “मग उद्या माझ्या खुर्चीवर बसाल तर ती तुमची का?” आबा म्हणाले, “बसाया द्या की, मंग बगू.” कोर्ट हसलं. आबा ही हकिगत आपण जिंकल्यासारखी सांगायचे. खटला मात्र आम्ही हरलो. मी शटलनं दौंडला कॉलेजला जायची, तर गाडी मध्येच उभी राहिली की डब्यातला एक तरी जाणकार “क्रॉसिंग हाय” म्हणायचाच. वरवंडला हायवे क्रॉस करताना आज्याची निम्मी मेंढरं एकदा सोलापूरच्या बाजूला आणि निम्मी पुण्याच्या बाजूला राहिली होती, ती गोष्ट तर मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. शेजारच्या दुकानातला फोन उचलला की क्रॉस लागायचा आणि कुठल्या तरी पाटसच्या बाईची सून कशी आळशी आहे ते आम्हाला फुकट कळायचं. आणि आबांच्या शब्दावर कुणी शब्द काढला की ते गरजायचे, “मला क्रॉस जायाचं न्हाई!” आई क्रॉस जायचीच, पण चुलीकडं तोंड करून.

केडगावच्या ख्रिस्ती मिशनासमोरून जाताना एकदा आईनं वरचा क्रॉस बघून विचारलं होतं, “अवं, ह्यो कशाचा क्रॉस?” आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि बराच वेळ विचार केला. “ह्यो त्येंच्या देवाचा,” ते म्हणाले. आईनं हात जोडले. देव म्हटल्यावर तिला पुढचं काही विचारायची गरज पडायची नाही.

पुढं मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि आता रिटायर होऊन घरी बसल्यावर एक जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन बसते. त्यात या शब्दाची कुळी दिलीय. मूळ लॅटिन, गुन्हेगाराला टांगायच्या खांबाचं नाव. तिथून तो धर्माबरोबर आयर्लंडात गेला, तिथून उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी उचलला, त्यांनी तो इंग्लंडात नेऊन टाकला, आणि साहेबानं तो आगगाडीत घालून आमच्याकडं आणला. एवढे समुद्र ओलांडून बिचारा आला आणि मुक्कामाला उतरला कुठं, तर आमच्या मैनेच्या गोठ्यात. कॉलेजात मला कळलं होतं, की इंग्रजीत चिडलेल्या माणसालाही क्रॉस म्हणतात. मी मोठ्या कौतुकानं हे घरी सांगितलं. आई म्हणाली, “चिडायचं तर सरळ चिडावं की. त्येला बी तिरपंच?” पुढं लवकरच घरात सगळेच क्रॉस झाले, आणि ती हकिगत सांगायलाच मी हे प्रकरण लिहायला घेतलंय.

झालं असं, की ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आबांना मेंबर व्हायची दांडगी हौस. त्यांनी पांढरी टोपी नवी आणली, मिशीला तेल लावलं, आणि मग कळलं की आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झालाय. आबा दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे घरी जेवले नाहीत. मग आमच्या बाजूच्या पॅनेलचे पुढारी विठ्ठलमामा घरी आले. नात्यानं ते कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्या गावाचे होते. ते म्हणाले, “ताराबाईला उभं करू.” आई ओट्यावर शेंगा फोडत होती. तिनं वर न बघता विचारलं, “उभं ऱ्हायाचं किती येळ? धारंची येळ झालीय.” अशी आई उभी राहिली आणि चक्क निवडून आली. मामा धरून त्यांचे पाच मेंबर आले, समोरच्या बाजीआप्पांचे त्यांना धरून चार. आता या नऊ जणांनी गुप्त मतानं सरपंच निवडायचा होता. मामांना सरपंच व्हायचं होतं, आप्पांनाही व्हायचं होतं, आणि गावाच्या तोंडात एकच नवा शब्द आला: क्रॉस व्होटिंग. पाचातला एक जरी फुटला, तरी मामांचं पारडं फिरणार. कोण क्रॉस करणार यावर पारावर पैजा लागल्या. आबांना फार वाईट वाटलं. इतका चांगला शब्द, आणि लोकांनी त्याची ही गत केली.

फुटाफूट टाळायची आमच्याकडं रीत ठरलेली. पहिलं म्हणजे खंडोबाच्या देवळात बेल-भंडार उचलायचा. तळहातावर बेलाचं पान, त्यावर भंडारा, आणि देवासमोर शब्द द्यायचा. पाचही जणांनी तो दिला.  आई घरी आल्यावर म्हणाली, “आता मामा चोर निघाला तरी माझं मत त्येलाच. भंडारा उचलून बसले मी.” दुसरी रीत म्हणजे मेंबरांना मतदानापर्यंत सहलीला न्यायचं, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. बाकीच्या तिघा पुरुषांना मामा महाबळेश्वराला घेऊन गेले. आई एकटीच बाई. तिला पुरुषांच्या घोळक्यात कसं न्यायचं? म्हणून तिची सोय मामांच्या बहिणीकडं, दौंडच्या रेल्वे क्वार्टरात केली आणि सोबतीला आत्या दिली. आत्या मशीन सोबत न्यायला निघाली होती, ते महत्प्रयासानं थांबवलं. जीपमध्ये बसताना आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, “अवं, मैनेला सांभाळा. ती माझ्याबिगर कुणाला कासंला हात लावू देत न्हाई.” आबा हसले. “मी काय गाय बघितली न्हाई व्हय?” ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी मैनेनं आबांना चरवीसकट उडवलं. आबा उठले, धोतर झटकलं, मला म्हणाले, “सुमे, तू बघ.” मला तिनं लाथ मारली नाही, पण पान्हा चोरला. कासेत दूध तट्ट भरलेलं आणि चरवीत थेंब नाही. सकाळी तेच. आम्ही पेंड दाखवली, वासरू पुढं बांधलं, आबांनी तर आई धार काढताना गुणगुणायची ती ओवी म्हणून बघितली. आबांचा आवाज ऐकून मैनेनं दावंच तोडलं. दुपारपर्यंत कास लाल झाली. दूध साचून गाईच्या कासेला दगडी होते आणि मग तो सड कायमचा जातो, हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत असतं. आबांच्या तोंडचं पाणी पळालं. घरात आम्ही दोघं, मी केलेलं पिठलं दगडासारखं झालेलं, गोठ्यात गाय हंबरतेय, आणि दौंडला निरोप पाठवायचा नाही अशी मामांची सक्त ताकीद. मीच भीत भीत म्हणाले, “आबा, आईचं लुगडं नेसून बसलं तर? वासावर फसंल ती.”

हा तोडगा मी शोधला नव्हता. आमच्या भागात बाप्ये माणसं असं करतात, फक्त कुणी कबूल करत नाही. आबा माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी त्यांची मिशीच मागितली होती. मग मैना पुन्हा हंबरली. “दारं लाव,” आबा म्हणाले, “खिडकी बी लाव. आन् कुणाला बोललीस तर बग.” खुंटीवर आईचं वापरातलं हिरवं लुगडं होतं. मला काही काष्टा घालता येत नव्हता आणि त्यांना तर नाहीच. जमेल तसं गुंडाळलं, पदर डोक्यावरून पुढं ओढला, मिशी झाकायला त्याचं टोक दातात धरलं, आणि आबा खाली बसले. मैनेनं मान वळवली, लुगड्याचा वास घेतला, एक लांब सुस्कारा टाकला आणि पान्हा सोडला. चरवीत धार पडायला लागली तेव्हा मला हसूही आलं आणि रडूही आलं. आबा मात्र कुणाकडंही न बघता धार काढत होते.

तिसऱ्या दिवसापर्यंत आबा सरावले होते. म्हणजे दारं लावायचेच, पण काष्टा आता सुटत नव्हता. त्या संध्याकाळी लाईट गेलेली. गोठ्यात चिमणीचा मिणमिणता उजेड, आबा पदर ओढून धारेला बसलेले, आणि मी पलीकडं वासरू धरून उभी. तेवढ्यात मागच्या बांधावरून पावलं वाजली आणि गोठ्याच्या कुडाच्या भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला. बाजीआप्पा! आले होते आबांना गाठायला. गोठ्याच्या कुडातून त्यांनी आत बघितलं, तर डोक्यावर पदर घेतलेली बाई धारेला बसलेली. गावच्या मोठ्या माणसानं परक्याच्या घरच्या बाईकडं बघायचं नाही, ही त्यांच्या पिढीची सभ्यता. आप्पांनी चटकन पाठ फिरवली आणि आमच्याकडं पाठ करूनच बोलायला लागले. “वैनी, आवो तुमी हितंच? आन् मामानं सहलीचा बोभाटा केला! गाईपायी आलात जनू. बरं झालं.”

मी तोंड उघडलं, तर आबांनी असे डोळे वटारले की मी तोंड मिटूनच घेतलं. मी बोलले असते तर आप्पा वळले असते, आणि वळले असते तर उद्या सगळा गाव मिशीवाल्या वैनी बघायला आला असता. आप्पा बोलत राहिले. “मामाला कशाला सरपंच करताय? तुमीच व्हा. आमची चार मतं तुमाला, तुमचं एक तुमाला. झाली का न्हाई पाच? बाईमानूस सरपंच, तालुक्यात नाव व्हईल.” आबांचे हात थांबले. मैनेनं शेपूट मारलं, हात पुन्हा चालू झाले. “तुमच्या मालकाला इचारायचं कारन न्हाई,” आप्पांनी आवाज खाली आणला. “राग मानू नका वैनी, पर मालक तुमचे म्हंजी निस्ती मिशी हाय, मागं काय न्हाई. घर तुमीच चालवताय, आमाला का ठावं न्हाई?” चिमणीच्या उजेडात आबांच्या मानेची शीर मला दिसत होती. दातात धरलेला पदर त्यांनी इतका आवळला, की त्याला भोकच पडलं. मी वासराच्या पाठीत तोंड खुपसून हसू दाबत होते. शेवटी आप्पा म्हणाले, “तुमी माझ्यासंगट बोलनार न्हाई, ते रीतीला धरून हाय. कबूल नसंल तर निस्तं एकदा ‘न्हाई’ म्हना. गप ऱ्हायला तर मी व्हय समजतो.” आता ‘न्हाई’ म्हणायचं कुणी? आबांचा आवाज नदीपलीकडं ऐकू जाणारा. गोठ्यात नुसती धारेची चळचळ. आप्पा आणखी थोडं थांबले, खुशीत खाकरले आणि “शब्द झाला बरं का वैनी,” म्हणून बांधानं निघून गेले.

मतदानाच्या दिवशी जीप दौंडहून परस्पर पंचायतीपुढं आली, त्यामुळं आईला काही सांगायला मिळालंच नाही. आत नऊ मेंबर आणि तहसिलातून आलेला साहेब. दाराखिडक्यांत सगळा गाव. साहेबानं नावं मागितली. मामांचं नाव आलं. मग बाजीआप्पा उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “आमच्याकडनं ताराबाई.”  आई इकडंतिकडं बघायला लागली, जणू दुसरी कुणी ताराबाई तिथं असेल. “मी? मी कुठं उभी हाय?” ती म्हणाली. “वैनींनी शब्द दिलाय,” आप्पा म्हणाले. “परवा सांजच्याला. गोठ्यात. धार काढताना.”

मामा ताडकन उठले. “तारा! बेल-भंडार उचलून क्रॉस?” आई म्हणाली, “मामा, मी दौंडाला व्हते. तुमच्याच भनीकडं.” “परवा सांजच्याला कुठं व्हतीस?” मामांनी विचारलं. आणि तिथंच घोटाळा झाला. त्याच संध्याकाळी क्वार्टरात जीव गुदमरला म्हणून आई आणि आत्या स्टेशनच्या पुलावर जाऊन गाड्या बघत बसल्या होत्या, अंधार पडेपर्यंत. मामांच्या बहिणीनं ती तक्रार मामांना सकाळीच सांगितलेली. आत्या खिडकीतून ओरडली, “मी व्हते संगं! दोघींनी भेळ खाल्ली!” पण घरच्या माणसाची साक्ष कोण धरतो? दाराशी कुजबुज सुरू झाली. तारानं क्रॉस केलं. भंडाऱ्याला भ्याली न्हाई. माझ्या शेजारची बाई कानाला हात लावून म्हणाली, “देव बगून घेईल गं.” मला आईचा चेहरा दिसत होता. अख्ख्या गावात तिच्याइतकं देवाला मानणारं बाईमाणूस नव्हतं, आणि तिलाच सगळे देवाला फसवणारी ठरवत होते. मामा म्हणाले, “खरी असशील तर पुन्हा भंडारा उचल. हितंच, समद्यांदेखत.” आईचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. “एकदा उचललाय,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा उचलला तर पहिला खोटा व्हता, असं व्हईल. मी न्हाई उचलनार.”

मी आबांकडं बघितलं. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, नवी टोपी, तेल लावलेली मिशी. त्या मिशीवर त्यांनी हात नेला आणि तो तसाच खाली आणला. मग माणसं सारत ते आत गेले. साहेब म्हणाला, “तुम्ही मेंबर नाही, बाहेर थांबा.” आबा म्हणाले, “साहेब, एकच सांगतो आन् जातो. ती गोठ्यातली वैनी… ती मी व्हतो.”

कुणाला काही कळलंच नाही. “काय तुमी?” आप्पा म्हणाले. “गाय पान्हा चोरत व्हती,” आबा जमिनीकडं बघत म्हणाले. “कास सुजली. म्हनून हिचं लुगडं नेसून मी धार काढत व्हतो. तीन दिस झालं, मीच काढतोय.” मागं कुणीतरी फस्सकन हसलं. आप्पा मात्र हार मानेनात. “बायकूला वाचवाया काय बी सांगताय! गडी मानूस लुगडं नेसतोय व्हय?” आबांनी आता मान वर केली. “आप्पा, तुमी कुडापल्याड पाठ करून उभं व्हता. तुमी म्हनलात, ‘मालक तुमचे म्हंजी निस्ती मिशी, मागं काय न्हाई.’ म्हनलात का न्हाई? खंडोबाची आन घेऊन सांगा.” आप्पांचा चेहरा उतरला. ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, “आता… तसं म्हनायचं नव्हतं मला.” मग मात्र जो हशा उठला, तो मी त्याआधी आणि त्यानंतरही कधी ऐकला नाही. साहेबानं पेन खाली ठेवलं आणि रुमालात तोंड लपवलं. खिडकीतली पोरं खाली पडली. आबा मधोमध उभे, कानांपर्यंत लाल झालेले, आणि हलले नाहीत. मला त्यांचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

हसू ओसरल्यावर मामा खजील होऊन आईला म्हणाले, “तारा, चुकलं माझं. तूच हो सरपंच. नाव बी आलेलंच हाय.” आईनं डोळे पुसले. “न्हाई मामा,” ती म्हणाली, “भंडारा तुमच्या नावानं उचललाय. मत तुमालाच. पर पुन्हा मला कुठं लपवू नका. मला लपवायजोगं मी काय केलं न्हाई.” आप्पांना शेवटी स्वतःच्याच नावावर मतं मागावी लागली. चिठ्ठ्या मोजल्या, तर मामांना सहा निघाली आणि आप्पांना तीन! आप्पांच्याच चारांतल्या कुणीतरी क्रॉस केलं होतं. कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही, आणि आप्पा जगले तोवर त्या तिघांकडं तिरपेच बघायचे.

घरी येताना वाटेवर पोरं “मिशीवाल्या वैनी, रामराम!” म्हणून ओरडत होती. आबा पुढं, मान खाली.  ओढा ओलांडल्यावर आईनं विचारलं, “कंचं लुगडं नेसलं व्हतं?” “हिरवं,” आबा म्हणाले. “पदराला भोक पडलंय.” “पडू द्या,” आई म्हणाली. ती तडक गोठ्यात गेली, मैनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि खाली बसली. मैनेनं तिला हुंगलं, मान फिरवली आणि पान्हा चोरला. आईनं ओवी म्हटली, पाठ थोपटली, पेंड दिली. चरवी कोरडीच. मैना सारखी दाराशी उभ्या आबांकडं बघून हंबरत होती. आत्या मशीनवरचं फडकं काढता काढता म्हणाली, “घ्या! हिनं बी क्रॉस केलं!” आई चरवी हातात धरून तशीच बसली. तीन दिवसांत आपली गाय आपली राहिली नाही, हे तिला खरंच लागलं होतं.  मग कुठून कुणास ठाऊक तिला हसू फुटलं, आणि ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

डोळे पुसत ती उठली आणि घरातून हिरवं लुगडं घेऊन आली. “या हिकडं, तिला आता ह्या लुगड्यातलं तुमीच पायजे,” ती आबांना म्हणाली. आबा घाबरून मला म्हणाले, “सुमे, दार लाव.” “ऱ्हाऊ द्या उघडं,” आई म्हणाली. अंगणापलीकडं रस्त्यावरून शेताकडची माणसं घरी परतत होती. तिनं त्यांच्यासमोर आबांच्या कमरेला लुगडं गुंडाळलं, निऱ्या काढल्या, काष्टा नीट घट्ट खोवला, पदर डोक्यावर घेतला. आणि आबा दातात धरायला टोक शोधायला लागले, तेव्हा तिनं ते त्यांच्या हातातून काढून खांद्यावर सोडलं. “मिशी दिसू द्या,” ती म्हणाली. आबांनी एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं बघितलं, चरवी घेतली आणि मैनेजवळ जाऊन बसले.